पाण्याच्या अंगावर बेतलेलं पातं

जून उजाडला की कोकणात मासेमारी थांबते, नौका ओढून किनाऱ्यावर घेतल्या जातात, आणि वर्षभर पाण्याखाली दडलेली एक वस्तू उघडी पडते. ती म्हणजे बोटीच्या मागचा पंखा, अर्थात प्रोपेलर. त्याच्या पात्यावरून एकदा हात फिरवून पाहा. सपाट अशी बोटभर जागासुद्धा सापडत नाही. बुंध्याशी पातं खूप तिरकं असतं आणि टोकाकडे जाता जाता निवळत जातं. हा पीळ कशासाठी?

हिशेब साधा आहे. समजा, एका जहाजाचा पंखा ४ मीटर व्यासाचा आहे आणि लाकडात स्क्रू शिरावा तसं त्याने एका फेऱ्यात ४ मीटर पुढे जायचं आहे. या अंतराला 'पिच' म्हणतात. मध्यापासून ४० सेंटिमीटरवरचा बिंदू एका फेऱ्यात अडीच मीटर फिरतो, टोकाचा बिंदू साडेबारा मीटर. पुढे मात्र दोघांनाही चारच मीटर सरकायचं आहे. त्यामुळे आतल्या बिंदूला ५८ अंशांचा चढ लागतो आणि टोकाला १८ अंश पुरतात. गोल जिना आठवा. मधल्या खांबालगत चढताना दम लागतो, कठड्याच्या बाजूने तोच जिना सोपा वाटतो. प्रत्येक पातं म्हणजे अशा जिन्याची एक फाक.

फाकच पुरते, हे कळलं तेही अपघाताने. १८३७ साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात फ्रान्सिस पेटिट स्मिथ आपल्या बोटीला दोन वेढ्यांचा लाकडी स्क्रू लावून चाचण्या घेत होता. त्यातला अर्धा स्क्रू मोडला आणि बोट चक्क आधीपेक्षा जोरात पळू लागली! जादा वेढा नुसताच पाण्याला घासत होता.

पुढे मोडण्याची जागा मोजण्याने घेतली. नेदरलँड्समध्ये वागेनिंगेन इथल्या जहाज-संशोधन संस्थेने पात्यांची संख्या, पिच आणि क्षेत्रफळ बदलत सुमारे १२० नमुन्यांच्या चाचण्या घेतल्या. १९७५ साली ही सगळी मोजमापं दोन सूत्रांत बसवली गेली. मिळणाऱ्या रेट्याच्या सूत्रात ३९ पदं आहेत, तो पंखा फिरवायला लागणाऱ्या टॉर्कच्या सूत्रात ४७. आजही अनेक पंख्यांचं पहिलं ढोबळ माप इथूनच निघतं.

पण माप मिळालं म्हणजे आकार मिळाला असं नाही. इतकं पिळलेलं पातं सपाट कागदावर उतरवायचं कसं? त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. एकात एक बसणारी नळकांडी पात्याला कापत गेली आहेत अशी कल्पना करायची. मग डब्यावरचं लेबल सोडवावं तसं एकेक नळकांडं उलगडायचं. त्यावर पात्याचा काप दिसतो. तो विमानाच्या पंखासारखा असतो, पुढून गोलसर आणि मागे निमुळता. पूर्वी ड्राफ्ट्समन असे काप काढून त्यांचे बिंदू लवचिक पट्टीने जोडत. त्या पट्टीचं नाव 'स्प्लाइन'. आज कॅड सॉफ्टवेअरमध्ये हेच काम गणित करतं, आणि त्या गणितालाही स्प्लाइनच म्हणतात. प्रत्येक कापाची लांबी, जाडी, बाक आणि चढ एवढे आकडे द्यायचे. सॉफ्टवेअर तो काप परत नळकांड्यावर गुंडाळतं आणि सगळ्या कापांवरून एक गुळगुळीत कातडी ताणतं. एखादा आकडा बदला, अख्खं पातं नव्याने बसतं.

आकडे बदलावे लागतात, कारण पंखा शिंप्याने अंगावर बेतून शिवावा तसा जहाजावर बेतावा लागतो. जहाज आपल्यामागे पाणी ओढत नेतं. हे ओढलेलं पाणी सगळीकडे सारख्या वेगाचं नसतं. बहुतेक मालवाहू जहाजांत पंख्याच्या वरच्या भागात ते सर्वांत मंद असतं. प्रत्येक पातं दर फेऱ्याला या मंद पाण्यात शिरतं, त्याच्यावरचा भार एकदम बदलतो आणि सगळं जहाज थरथरतं. म्हणून पातं कोयत्यासारखं मागे वळवतात, म्हणजे ते एकदम न आपटता बुंध्यापासून टोकापर्यंत हळूहळू आत शिरतं.

खरा शत्रू वेगळाच आहे. आपला ४ मीटरचा पंखा सेकंदाला दोन फेरे घेऊ लागला, तर टोक ताशी ९० किलोमीटरने पाणी कापतं. पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की थंडगार समुद्रात पाणी उकळू लागतं! बुडबुडे उठतात आणि दाब वाढताच फुटून हातोडीसारखे धातूवर आदळतात. कालांतराने काशाच्या पात्याची चाळण होते. यालाच 'कॅव्हिटेशन' म्हणतात. ते डोळ्यांनी पाहण्यासाठी अभियंता चार्ल्स पार्सन्सने १८९५ साली खास टाकी बांधली होती. आता संगणक पात्याभोवतालच्या पाण्याचे लाखो कप्पे पाडतो, प्रत्येकातला दाब काढतो आणि उकळी कुठे फुटेल ते रंगाने दाखवतो. मग टोकावरचा भार थोडा उतरवायचा, थोडी कार्यक्षमता गमवायची आणि पुन्हा हिशेब करायचा.

२०१७ साली रॉटरडॅममध्ये अशाच एका आकड्यांच्या यादीतून साच्यात न ओतता पंखा उभा राहिला. रोबोटच्या हाताने वितळलेल्या काशाचे २९८ थर एकावर एक चढवले. व्यास १.३५ मीटर, वजन सुमारे ४०० किलो. नंतर घासूनपुसून अशा पंख्याची टगबोटीला लावून चाचणी झाली. स्मिथचा स्क्रू कालव्यात मोडला तेव्हा त्याला एक धडा मिळाला. या पंख्यापर्यंत पोहोचताना असे कितीतरी पंखे पडद्यावरच मोडून झालेले असतात, लाकडाचा एक ढलपाही न उडता.