मच्छीमारीच्या होड्या व सुरक्षिततेचे सरकारी नियम

समुद्र आमच्या जिल्ह्यापासून फार दूर. तेव्हां मच्छीमारीच्या होड्यांचे कायदे शेतकऱ्यांनीं कां वाचावेत, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. परंतु १९७६ सालीं पैठणचें जायकवाडी धरण पुरें झाल्यापासून नाथसागराचें विस्तीर्ण पाणी आमच्या दाराशीं आलें आहे. कांठच्या कित्येक घरांतील माणसें व गडी मासे धरावयास पाण्यांत जातात. कोणी जोडधंदा म्हणून होडींत भांडवलहि घालतो. म्हणून हे नियम कोणते व ते कां झाले, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम समुद्राकडे पाहूं. महाराष्ट्रांत १९८१ सालीं सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला. त्यान्वयें राज्याच्या १२ सागरी मैलांच्या हद्दींत मासेमारीच्या होडीस परवाना लागतो. यांत्रिक होड्यांस गेलीं कित्येक वर्षें १ जून ते ३१ जुलै अशी बंदी ठेवण्यांत आली आहे. माशांची वीण निर्वेध व्हावी हा एक हेतु, आणि पावसाळी तुफानांत माणसें बुडूं नयेत हा दुसरा. २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला करणारे लोक 'कुबेर' नांवाची मच्छीमार होडी बळकावून आले. तेव्हांपासून होड्यांची नोंदणी व खलाशांचीं ओळखपत्रें यांविषयीं सरकारनें अधिक कडक धोरण धरलें.

नद्या व जलाशय यांसाठीं १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला. यंत्रानें चालणाऱ्या नावेची नोंदणी, तपासणी, चालकाचा दाखला, विमा व जीवरक्षक साधनें हे त्याचे मुख्य विषय. नुसत्या वल्ह्यांवर चालणाऱ्या नावांची नोंद ठेवण्याचीहि त्यांत तजवीज आहे.

आतां या नियमांचें मर्म पाहूं. गाडी अधिक भरली तर आंस कुरकुरतो, बैल अडतात, आणि धन्यास वेळींच समजतें. होडी मात्र ओझें मुकाट्यानें घेते. तिचा पाण्यावरचा कांठ तेवढा कमी होत जातो. वारा नसतां चार बोटें कांठ पुरेसा वाटतो. वावटळ उठली कीं पहिली लाट आंत येते, तें पाणी एका बाजूस धांवतें, आणि दुसऱ्या लाटेस होडी उलटते. सॅम्युएल प्लिमसॉल यांच्या खटपटीनें इंग्लंडांत १८७६ सालीं जहाजाच्या अंगावर भाराची रेघ ओढण्याची सक्ती झाली, ती याच कारणानें. आमच्या होडीवर तशी रंगाची रेघ ओढावयास खर्च तो किती?

१७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' आगबोट तुफानांत उलटून सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. २१ मे २०२४ रोजीं उजनी धरणाच्या पाण्यावर कुगांवहून कळाशीस जाणारी लहानशी नाव वादळी वाऱ्यांत उलटली व सहा जीव गेले. एक खाऱ्या पाण्यावर, दुसरी गोड्या पाण्यावर. वाऱ्यास हा भेद ठाऊक नाहीं.

धरणाच्या पाण्यांत आणखी एक धोका असतो. पाण्याखालीं गेलेल्या भिंती व झाडांचीं खोडें यांत जाळें अडकतें. अशा वेळीं सर्वांनीं एकाच बाजूस ओणवें होऊन ओढणें म्हणजे होडी स्वतःच पालथी करणें होय. जाळें कापून टाकावें. तें पुन्हां विकत मिळतें. थर्माकोलच्या तराफ्यावर खोल पाण्यांत जाणें तर सर्वथा टाळावें. तरंगण्याचें जाकीट होडींत ठेवून उपयोग नाहीं; तें अंगांत पाहिजे. वैशाखांत दुपारनंतर आभाळ भरूं लागलें कीं कांठ धरावा. एकट्यानें जाऊं नये, व परतण्याची वेळ कांठावर कोणास तरी सांगून जावी.

शेवटीं नोंदीविषयीं. महसूल खात्यांत कारकुनी करतांना आम्हीं पाहिलें आहे कीं, कागदावर नांव नसलें म्हणजे वारसांस किती उंबरठे झिजवावे लागतात. २०२० सालीं आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेंत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूस ५ लक्ष रुपयांचा विमा ठरविण्यांत आला. पण मयत इसम मच्छीमार होता हें दाखवितां आलें पाहिजे. म्हणून ज्यांची होडी आहे त्यांनीं ती व तींत बसणारे गडी यांची नोंद करून घ्यावी. गड्याचा जीव ज्याच्या होडींत, त्याची जोखीमहि त्याच्याच शिरावर.