एका केसाला एक सुई

भिंगाच्या दिव्याखाली हनुवटी वर करून मी पडले होते. डाव्या मुठीत ओल्या कापडात गुंडाळलेली धातूची कांडी. "सुई जाताना कळणार नाही ताई, करंट सोडला की चुणचुणेल," केस काढणाऱ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पायाखालचं बटण दाबलं. मनात दहा आकडे मोजेपर्यंत मुंगी डसून राहावी तशी आग झाली. मग त्यांनी चिमट्याने केस उचलला. उपटावा लागलाच नाही. लोण्यातून निघावा तसा सुटून आला. पांढरे केस दिसावेत म्हणून त्या गडद निळं कापड जवळ ठेवतात. त्यावर ठेवलेल्या माझ्या केसाच्या बुडाशी ओलसर, पारदर्शक आवरण चिकटलेलं होतं.

पाळी थांबल्यावर हनुवटीवर राठ केस यायला लागले, थोडे काळे, बरेचसे पांढरे. आधी एका लेझर केंद्रात सहा बैठकांचे पैसे भरले. काळे विरळ झाले, पांढरे जिथल्या तिथे. लेझरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन पकडतो आणि तिथे उष्णता निर्माण करतो. पांढऱ्या केसात पकडण्यासारखं काहीच नसतं. शाळकरी मुलीलाही समजेल इतकी साधी ही गोष्ट पैसे घेताना मला कुणी सांगितली नाही. त्या रागातून मी वाचायला बसले.

या सुईचा जन्म सौंदर्यासाठी झालेला नाही. पापणीचे केस आत वळले की उघडमीट करताना ते बुबुळाला घासतात. खुपऱ्या वर्षानुवर्षं राहिल्या की हे होतं आणि दृष्टी जाते. केस उपटला तर काही आठवड्यांत पुन्हा येतो, आणि नवा, आखूड केस जास्तच टोचतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने बॅटरीच्या ऋण ध्रुवाला बारीक सुई जोडून ती केसाच्या मुळाशी उतरवली आणि 1875मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. हे वाचताना मला सुश्रुतसंहिता आठवली. उत्तरतंत्रात याच विकाराला पक्ष्मकोप म्हटलं आहे, आणि इतर उपाय थकले तर ती जागा अग्नीने किंवा क्षाराने जाळायला सांगितलं आहे. अग्नी आणि क्षार! आजच्या यंत्रातही हेच दोन मार्ग आहेत.

क्षाराचा मार्ग मूळचा. केस त्वचेच्या ज्या खोलगट पिशवीत रुजलेला असतो, तिथे खारट ओल असते. एकाच दिशेचा सौम्य प्रवाह सोडला की सुईपाशी पाण्याचं विघटन होतं, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि उरतो सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा. केस पोसणाऱ्या पेशी तो विरघळवतो. वीज केसाला जाळत नाही. ती जागेवरच औषध तयार करते. मिलिअँपिअरचा दहावा भाग एक सेकंद वाहिला की क्षाराचं एक एकक धरतात. अर्धा मिलिअँपिअर दहा सेकंद वाहिला तर पन्नास. ध्रुव मात्र चुकता कामा नये. पोलादी सुई धन ध्रुवाला जोडली गेली तर लोखंडाची संयुगं त्वचेत उतरतात आणि गोंदणासारखा काळा डाग राहतो.

अग्नीचा मार्ग नंतर आला. लिऑंच्या आंरी बोर्दिए यांनी 1920च्या दशकात उच्च वारंवारतेचा प्रवाह वापरला. आज तो बहुधा सेकंदाला 1 कोटी 35 लाख 60 हजार आवर्तनं पूर्ण करतो. त्याने पेशींतलं पाणी तापतं आणि काम क्षणभरात होतं, पण वाकड्या मुळापर्यंत उष्णता नीट पोचेलच असं नाही; क्षार वळणावरूनही झिरपतो. दोन्ही एकाच सुईतून सोडणाऱ्या यंत्राचं पेटंट आर्थर हिंकेल आणि आंरी सेंट पिएर यांना 1948मध्ये मिळालं.

सुईच्या या दोन मार्गांच्या मधला एक काळ वाचताना माझ्या अंगावर काटा आला. क्ष-किरणांचा शोध 1895चा. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंडने एका लहान मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर ते वापरले. केस गळले, नंतर जखमा झाल्या. तरीही 1920च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट गायसर या डॉक्टरची 'ट्रायको' यंत्रं अमेरिकेतल्या ब्यूटी पार्लरांत पोचली. बाईने यंत्रापुढे गाल धरायचा, काही मिनिटं बसायचं. सुई नाही, आग नाही, एकेक केस मोजणं नाही. काही वर्षांनी त्याच गालांवर सुरकुत्या, न भरणारे व्रण आणि कर्करोग उमटले. त्या बायका भोळ्या होत्या असं मला म्हणवत नाही. चेहऱ्यावरच्या केसांपायी घराबाहेर पडणं टाळणाऱ्या बाईला कुणी 'दुखणार नाही, लगेच होईल' म्हटलं, तर ती जाणारच.

इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे ही सुईची पद्धत, लगेच होत नाही. केस वाढतो, थांबतो, गळतो, मूळ विसावतं. सुई वाढीच्या काळात लागली तर मूळ पुरतं नष्ट होतं. विसावलेल्या मुळाची पाळी पुढे कधीतरी येते. म्हणून एकाच हनुवटीला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. मधल्या काळात चिमटा, दोरा, वॅक्स बंद. फक्त कात्रीने कापायचं. सुई दरवेळी नवी, निर्जंतुक आणि आपल्यासमोर फोडलेली हवी. हात कच्चा असेल तर खड्डे पडतात, आपल्या सावळ्या कातडीवर काळे डागही राहतात, आणि केलॉइडचे जाड व्रण उठण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारायलाच हवं. हे सगळं धरूनही अमेरिकेचं औषध प्रशासन केस 'कायमचे काढणं' हे शब्द इलेक्ट्रोलिसिससाठी वापरतं. लेझरला 'कायमची घट' एवढंच म्हणू देतं. केस कोणत्याही रंगाचा असो, कातडी कोणतीही असो, सुईला फरक पडत नाही. ट्रान्स स्त्रियांना हे नेमकं ठाऊक असतं, कारण एकदा आलेली दाढी इस्ट्रोजेन घेऊनही जात नाही.

माझं आटोपून बाहेर आले तेव्हा बाकावर एक मुलगी आईसोबत बसली होती, एकोणीस-वीसची, ओढणी नाकापर्यंत. "दिवाळीनंतर लग्न काढायचंय. तोवर होईल ना?" आईने विचारलं.

"पाळी नियमित येते का?" बाईंनी उलट मुलीलाच विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. "मग आधी डॉक्टरांकडे जा. सोनोग्राफी, हार्मोनच्या तपासण्या करून घ्या. पीसीओएस असेल तर मी आज एक केस मारीन, शरीर उद्या शेजारच्या लवेचा राठ केस करील. आणि दिवाळीपर्यंत होणार नाही, वहिनी. दीड वर्ष धरा."

आई गप्प झाली. मुलीने ओढणी खाली घेतली. हनुवटीभर चिमट्याचे जुने व्रण होते.

"दुखतं का हो, काकू?"

"दुखतं," मी म्हटलं, आणि वाकून तिला माझ्या हनुवटीवरची लाल झालेली जागा दाखवली.