धूर दिसत नाही, म्हणून काय झालं?

लंडनहून बाथ किंवा ब्रिस्टलला आगगाडीने गेलेल्या मंडळींना डिडकॉटचे ते सहा अगडबंब कूलिंग टॉवर आठवत असतील. आमच्या मुलांनी लहानपणी त्यांचं नाव 'ढगांचा कारखाना' ठेवलं होतं. कोळशावरचं ते वीजकेंद्र मार्च २०१३ मध्ये बंद झालं. तीन टॉवर २०१४ मध्ये आणि उरलेले तीन २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडले. शेजारचं नैसर्गिक वायूवरचं डिडकॉट 'बी' १९९७ साली पूर्ण झालं. ते मात्र बैठं, गुपचूप. गाडीतून लक्षातही येत नाही.

गणपतीत आरतीनंतर प्रसाद खाताना आमच्यात यावरूनच वाद रंगला. कॉलेजात जाणारी पोरं म्हणाली, "काका, गॅस स्वच्छ म्हणता, पण शेवटी तोही जाळायचाच ना?" कोपऱ्यातून एक आजोबा म्हणाले, "बाळांनो, जानेवारीत हीटर बंद ठेवून बघा, मग बोलू!" दोघांचंही पटत होतं. म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आधी यंत्र समजून घेऊ. विमानाच्या जेट इंजिनासारख्या टर्बाइनमध्ये गॅस जळतो आणि पहिलं जनित्र फिरवतो. बाहेर पडणारी हवा तरीही ६०० अंशांच्या आसपास तापलेली असते. ती वाया न घालवता तिच्यावर पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर दुसरं टर्बाइन चालवतात. भाताच्या कुकरमध्येच वर डाळ शिजवावी, तशी ही काटकसर! नुसत्या पहिल्या टर्बाइनमधून इंधनातल्या उष्णतेची जेमतेम ३५ ते ४० टक्के वीज होते. जोडीने ती ५० ते ६० टक्क्यांवर जाते.

आता हिशेब. एक किलो मिथेन जळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. त्या एका किलोत सुमारे १४ युनिट उष्णता असते. ५५ टक्के धरले तर साडेसात युनिट वीज मिळते. म्हणजे एका युनिटमागे साधारण ३६० ग्रॅम. कोळशाला हाच आकडा ९०० ग्रॅमच्या घरात जातो. शिवाय गॅसला राख नाही, गंधक जवळजवळ नाही. इथपर्यंत गॅसची बाजू भक्कम.

पण १४०० मेगावॅटचं केंद्र पूर्ण जोरात चाललं, तर तासाला १४ लाख युनिट वीज आणि जवळपास ५०० टन कार्बन डायऑक्साइड! तो दिसत नाही एवढंच. भट्टीच्या उष्णतेने हवेतल्याच नायट्रोजनचे घातक ऑक्साइड बनतात, तेही डोळ्यांना दिसत नाहीत. आणि विहिरीपासून नळापर्यंत मिथेनची जी गळती होते ती वेगळीच. वीस वर्षांच्या हिशेबात तोच मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. गळती वाढली तर कोळशावरची आघाडी तिथेच गमावली म्हणून समजा.

मग आजोबांचं काय? ब्रिटनमधलं शेवटचं कोळशाचं केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झालं. त्या वर्षी देशातली सुमारे ३० टक्के वीज गॅसची होती. वारा पडलेल्या, काळोख्या संध्याकाळी सगळ्या घरांच्या किटल्या एकदम सुरू होतात, तेव्हा गॅसच धावून येतो. मात्र सतत चालू-बंद करताना ५५ टक्क्यांचा हिशेब टिकत नाही आणि युनिटमागचं उत्सर्जन वाढतं.

दुसरी अडचण किमतीची. एप्रिल २०२२ मध्ये सरकारी नियमातली बिलाची कमाल मर्यादा एकदम ५४ टक्क्यांनी वाढली, तिचं मुख्य कारण महागलेला गॅस. आपल्या कोकणात गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पाचं तरी दुसरं काय झालं? १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झालेला पहिला टप्पा विजेच्या दराच्या भांडणात २००१ मध्ये थांबला. नुसती क्षमता असून भागत नाही, इंधन परवडावंही लागतं.

तेव्हा पोरांनो, तुमचं म्हणणं खरं. आणि आजोबा, तुमचंही. गॅस हा धर्मशाळेसारखा. वाटेत मुक्कामाला ठीक, पण तिथेच बिऱ्हाड करायचं नसतं. तोवर चहापुरतंच पाणी किटलीत घालूया. तीन किलोवॅटची किटली तीन मिनिटं चालली, तर गॅसच्या विजेवर पन्नासेक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पुढच्या गणपतीत चहाला भेटूच. वाद तर होणारच!