नैराश्याला ‘गुणवत्ता नाही’ म्हणू नका!

नांदेड आणि लातूर ही आज मराठवाड्यातील शिक्षणाची मोठी बाजारपेठ आहे. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव येथून मुलेमुली ‘नीट’च्या तयारीसाठी या दोन शहरांत येतात. त्यांत आमच्या वस्त्यांतली मुलेही आहेत. कुणाचा बाप ऊसतोडीला जातो, कुणाची आई बांधकामावर विटा वाहते. घरातून अकरावीची पायरी चढणारे हे पहिलेच. ‘लातूर पॅटर्न’ने सराव आणि चाचण्यांची शिस्त लावली. पण चाचणीत जे मूल मागे पडते, त्याचे काय होते?

त्याच्याबाबत दोनच निकाल तयार असतात. घरचे म्हणतात, ‘आळशी झालाय, मोबाइल सोडत नाही.’ बाहेरचे म्हणतात, ‘सवलतीचा आहे, झेपणार कसे?’ हे मूल आजारी असेल, हा तिसरा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि आलाच तर ‘बाहेरचे काही लागले असेल’ म्हणून देवऋषी शोधला जातो!

नैराश्य म्हणजे नुसते दुःख नव्हे, तो विचार करण्याची यंत्रणाच जड करणारा आजार आहे. मन सतत खिन्न असणे, कशातच गोडी न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, लक्ष न लागणे ही लक्षणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली, तर डॉक्टर नैराश्याची तपासणी करतात. गणित सोडवताना पहिल्या पायरीचा आकडा तिसऱ्या पायरीपर्यंत डोक्यात धरून ठेवावा लागतो. नैराश्यात नेमकी हीच पकड सुटते. एकच परिच्छेद चारदा वाचूनही ध्यानात राहत नाही. ‘नीट’मध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे असतात. विचारांची गती मंदावलेल्या मुलाला उत्तर येत असूनही वेळ पुरत नाही. आधी आंघोळ करावी की चहा घ्यावा, असा साधा निर्णयही डोंगराएवढा होतो. मग खोलीत पडून राहिलेले मूल बघणाऱ्याला आळशी दिसते.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ आरॉन बेक यांनी 1960च्या दशकात या विचारांची घडण मांडली. मी नालायक आहे, जग माझ्या विरोधात आहे आणि पुढे काहीही बदलणार नाही, अशा तीन समजुती रुग्णाच्या मनात घर करतात. दहावीला मिळालेले यश त्याला आठवत नाही, कालच्या चाचणीतले अपयश मात्र दिवसभर डोक्यात फिरत राहते. आता विचार करा, ‘तू लायक नाहीस’ हे वाक्य आमच्या मुलांना पहिल्यांदा कुणी ऐकवले? आत आजार जे बोलतो, तेच बाहेर जातिव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या बोलत आली आहे. दोन्ही आवाज एक झाले की त्या मुलाला ते खरेच वाटू लागते. सवर्ण घरातल्या मुलालाही नैराश्य येते, पण त्याच्या घसरलेल्या गुणांवरून कुणी त्याच्या जातीची लायकी काढत नाही.

येथे एक इशारा देणे आम्हाला आवश्यक वाटते. उद्या एखादी संस्था म्हणेल, ‘छळ झालाच नाही, मुलगाच नैराश्यात होता.’ ही पळवाट आम्हाला मान्य नाही. मुलाला उपचार मिळाले पाहिजेत आणि अपमान करणाऱ्याला जाबही विचारला गेला पाहिजे.

कायदा आमच्या बाजूने आहे. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025मध्ये शिक्षणसंस्था आणि कोचिंग क्लास यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा अधिक विद्यार्थी असतील तेथे प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत लाज काढू नये, वंचित घटकांतील मुलांशी भेदभाव होऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. नांदेड-लातुरात लाखाची फी घेणाऱ्या किती क्लासमध्ये असा समुपदेशक बसतो, हे पालकांनी फीची पावती घेतानाच विचारावे.

उपचारासाठी मुंबई-पुण्याला जाण्याची गरज नाही. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तेथील मनोविकार विभागात जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून ते मध्येच सोडू नये. ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो. जगण्यात अर्थ नाही असे कुणी बोलू लागले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

बाबासाहेबांच्या तीन शब्दांच्या मंत्रातील पहिला शब्द ‘शिका’ हा आहे. शिकणाऱ्याचे मन आजारी पडले तर ते सांभाळणे हेही चळवळीचेच काम आहे. रविवारी विहारात जमणाऱ्या कार्यकर्त्यांनी महिन्यातून एकदा समाजकल्याणच्या वसतिगृहात आणि भाड्याच्या खोल्यांत जावे. ‘किती मार्क पडले?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. झोप लागते का? जेवण जाते का? वाचलेले ध्यानात राहते का? एवढे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. आमच्या मुलांत गुणवत्ता आहेच. ती आजाराखाली दबून जाऊ न देणे, ही आम्हा सर्वांची जबाबदारी आहे.