झाडावर बसणं सोपं, चढणं-उतरणं अवघड
लेखमाला : रानातलं काम, जिवाची काळजी (भाग ७)

अमेरिकेत हरणाची शिकार करणारा माणूस हंगामात पहाटेच्या अंधारात झाडावर चढतो आणि १५-२० फुटांवर बांधलेल्या बैठकीवर तासन्‌तास बसून राहतो. हरणाची नजर सहसा वर जात नाही आणि माणसाचा वासही वरच्यावर निघून जातो, हा त्यामागचा हिशोब. नांदेड-लातूरकडेही हरणांपायी माणसं माळ्यावर रात्र काढतात, पण मारायला नव्हे, हाकलायला. काळविटांचे कळप पावसाळ्याच्या तोंडी सोयाबीनचे कोवळे कोंब खुडतात, रब्बीत हरभऱ्यावर येतात. रात्री रानडुकरं असतातच. मग शेताच्या मध्यावर चार मेढी रोवून किंवा बांधावरच्या लिंबाच्या बेचक्यात फळ्या टाकून माळा उभा राहतो आणि घरातलं कुणीतरी जागलीला जातं.

बंदुकीचा विषय आधीच संपवतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. पीक खाल्लं म्हणून त्यात सूट मिळत नाही. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी वनखात्याच्या परवानगीची वेगळी वाट आहे, तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी. आज बोलायचंय ते झाडावरून खाली पडणाऱ्या माणसाबद्दल, आणि त्यासाठी त्या अमेरिकी शिकाऱ्यांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तिथल्या कित्येक राज्यांत शिकारीच्या हंगामात गोळी लागून होणाऱ्या अपघातांपेक्षा झाडावरून पडण्याचे अपघात जास्त होतात. इतकी माणसं पडल्यावर त्यांनी नीट विचार केला आणि त्यातून एक गोष्ट ठळक पुढे आली : बसलेला माणूस फारसा पडत नाही. तो पडतो चढताना, उतरताना, आणि सगळ्यात जास्त शिडीवरून बैठकीवर पाय टाकण्याच्या त्या एका क्षणी.

आपल्या राखणदाराचंही तेच आहे, किंबहुना थोडं वाईटच. शिकारी सावकाश उतरू शकतो. राखणदाराला पिकात डुकरं घुसल्याचा आवाज येतो, तो झोपेतून दचकून उठतो आणि अंधारात, हातात बॅटरी आणि काठी घेऊन, घाईघाईनं खाली उतरू लागतो. दोन्ही हात अडकलेले, डोळे अजून उजेडाला सरावलेले नाहीत, फळीवर दव. २० फुटांवरून सुटलेला माणूस जमिनीवर आदळेपर्यंत जेमतेम एक सेकंद जातो आणि तोवर त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या घरात पोचलेला असतो. चालत्या मोटारसायकलवरून थेट भिंतीवर जाण्यासारखंच ते. म्हणून पहिला नियम अगदी साधा : चढताना हातात काही नको. बॅटरी डोक्याला बांधायची, काठी, पाण्याची बाटली, घोंगडी दोरीनं मागून वर ओढून घ्यायची. शिकारी बंदूक रिकामी करून अशीच वर घेतात.

आता चढायच्या पद्धती. हातापायांनी फांद्या धरत चढणं ही सगळ्यात जुनी रीत, आणि झाड ओळखणाऱ्याला ती बऱ्यापैकी साधते. चिंचेची फांदी चिवट असते, वाकते पण सहसा दगा देत नाही. शेवग्यावर मात्र पोरालाही चढू देऊ नये, त्याचं लाकूड ठिसूळ, काडकन मोडतं. साल सुटलेली, भोकं पडलेली किंवा अळंबी उगवलेली फांदी आतून गेलेली असते. पाय नेहमी फांदी खोडाला जिथे फुटते तिथे, बेचक्याजवळ ठेवावा. आणि दोन हात, दोन पाय या चौघांपैकी एका वेळी एकच जागचा हलावा, तीन धरून राहावेत.

या नियमात चिंच झोडणारा माणूस बसत नाही. फेब्रुवारी-मार्चपासून लातूर, औसा, उदगीरकडे चिंचेची झाडं गुत्त्यानं दिली जातात. लातूरची बाजारपेठ चिंचेसाठी नावाजलेली आहे. झाडावर चढलेला गडी एका हातानं लांब काठी चालवतो, पायानं फांदी हलवतो, आणि खाली बायका चिंचा वेचतात. त्याच्याकडे धरायला हातच उरत नाही. ज्या कामात हात मोकळे ठेवता येत नाहीत, तिथे शरीर दुसऱ्या कशानं तरी झाडाला बांधलेलं असायला हवं, एवढं सरळ आहे. तरीही बांधलेला गडी मला क्वचितच दिसतो. बांधून घेतलं तर फांदीवरून फांदीवर जाता येत नाही, काम रेंगाळतं, हे कारण सांगितलं जातं. मजुरी झाडावर ठरते, वेळेवर नाही. तेव्हा ते कारण खोटं म्हणता येत नाही.

शिडी ही रीत बरी, पण ती खोडाला वर आणि खाली दोन्हीकडे बांधलेली हवी. जमिनीवर चार फूट उंचीला एक फूट बाहेर असा तिचा उतार असावा आणि माळ्याच्या फळीच्या वर तिची टोकं तीनेक फूट निघावीत. म्हणजे वर पाय टाकताना धरायला काहीतरी राहतं. माळा उभा करताना शिडी नेमकी फळीच्या काठाशी तोडतात, आणि घात तिथेच होतो. खोडात खिळे किंवा लोखंडी खुंट्या ठोकून पायऱ्या करण्याची सवय तर सोडूनच द्यावी. झाड वाढतं, खिळ्याभोवतीचं लाकूड कुजतं, आणि गेल्या साली पक्की असलेली खुंटी यंदा पायाखालून निघून येते. स्क्रूनं खोडात बसवायच्या पायऱ्यांचा हाच अनुभव शिकाऱ्यांनीही घेतला आहे. मेढींचा माळा असेल तर मेढ जमिनीत शिरते त्या जागी वाळवी आधी लागते. वर चढण्यापूर्वी तिथे पहार मारून बघावी. गेल्या पावसात भिजलेला सुंभ आणि वर्षभर उन्हात राहिलेली नायलॉनची दोरी, दोन्ही बदलाव्यात.

परदेशात खोडाला मिठी मारत सरकत वर जाणारी दोन तुकड्यांची बैठक मिळते. आपल्याकडे नारळावर चढायचं यंत्र त्याच जातीचं. पण त्याला सरळ, बिनफांदीचं खोड लागतं. आपल्या बाभळी, लिंब, चिंचा या यंत्राला जागाच देत नाहीत. ते चालेल शिंदी-ताडावर. तिथे मात्र शिंदी काढणाऱ्यांची जुनी रीतच आधीपासून आहे : कमरेमागून खोडाभोवती दोराचा फास, पाठीचा भार त्याच्यावर, आणि एकेक टप्पा फास वर सरकवत जाणं. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पलीकडे तेलंगणात सरकारनं जुलै २०२४मध्ये याच लोकांसाठी ‘काटमय्या’ या त्यांच्या देवाच्या नावानं सुरक्षा संच द्यायला सुरुवात केली. जुन्या फासाचा दोष एवढाच की पाय घसरला तर फास खोडावरून सरकत खाली येतो, माणसाला थोपवत नाही.

थोपवणारी गोष्ट म्हणजे अंगभर पट्टे आणि प्रुसिक गाठ. कमरेला नुसता कासरा बांधून बसणं बरं वाटतं, पण पडल्यावर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो, किंवा कासरा काखेपर्यंत सरकून श्वास कोंडतो. खांदे, छाती आणि मांड्या धरणारे पट्टे हवेत. बांधकामावर वापरतात तेच, आयएस ३५२१ हा क्रमांक बघून घेतलेले. त्यासोबत माळ्याच्या वर, डोक्याच्याही वर खोडाला एक जाड दोर पक्का बांधायचा आणि त्याचं दुसरं टोक बुडाशी. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक या गिर्यारोहकानं १९३१मध्ये मांडलेली गाठ या दोरावर बसते. बारीक दोरीचा फास जाड दोराभोवती तीन वेढे देऊन आतून ओढून घ्यायचा. भार नसेल तेव्हा ती हातानं वर-खाली सरकते, भार आला की घट्ट चावते. जमिनीवर असतानाच तिला पट्टे जोडायचे, चढताना ती डोक्याच्या पातळीला ठेवत जायची, आणि पाय पुन्हा जमिनीला लागल्यावरच सोडायची. वर पोचून मग बांधून घेणारा माणूस सगळ्यात धोक्याचं अंतर मोकळाच चढलेला असतो.

पट्ट्यांत लटकून राहणंही निर्धोक नाही. मांड्या आवळतात, पाय हलत नाहीत, रक्त पायांत साठतं आणि काही मिनिटांत भोवळ येऊ शकते. खिशात पायापुरता एक दोरीचा फास ठेवावा, त्यात पाय रोवून उभं राहता येतं. फोन छातीच्या खिशात, आणि कोणत्या शेतात जागलीला आहोत हे घरी ठाऊक असलेलं.

आणि वीज. एप्रिल-मेचे वळीव आणि परतीचा पाऊस मराठवाड्यात विजा घेऊन येतात. तेव्हा माळ्यावर किंवा उंच झाडाखाली कुठेच थांबू नये. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. झाडावरून जाणारी महावितरणची तार असेल तर त्या झाडावर काठी चालवायचीच नाही.

पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नये, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये. मणका मोडला असेल तर तेवढ्यानं पाय कायमचे जातात. मान स्थिर धरून १०८ला फोन करावा, हलवावंच लागलं तर चौघांनी मिळून फळीवर किंवा दारावर सरकवावं.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडणं, वीज आणि सर्पदंश हे तिन्ही येतात. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा. पण योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. गुत्तेदारानं आणलेल्या, शेत नसलेल्या चिंच झोडणाऱ्या गड्याचं नाव त्यात कुठेच लागत नाही. झाड विकताना शेतकऱ्यानं पट्टे आणि दोर ही अट गुत्त्यातच घालावी. तसं करणाऱ्याला कुणी अडवत नाही.

(पुढील भाग : मळणीयंत्राचं तोंड आणि बाह्या)