भेसळ आणि विटाळ

१ जून १९५५ या एकाच दिवशी देशात दोन कायदे अमलात आले. एक अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४. दुसरा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, १९५५. पहिल्याने अन्न कशामुळे दूषित ठरते ते सांगितले. दुसऱ्याने, स्पर्शाने अन्न बाटते असे मानून माणसाला हॉटेलात मज्जाव करणे, तेथील भांडी वापरू न देणे, हा गुन्हा ठरवला. विटाळ कोणत्याही प्रयोगशाळेत सापडत नाही. हळदीत मिसळलेला मेटॅनिल यलो मात्र सापडतो. तरीही आपल्या समाजाने शतकानुशतके पहारा ठेवला तो विटाळावर. भेसळ मापात बसून घरोघर गेली.

भेसळीच्या तपासणीची रीत नेटकी होती. अन्न निरीक्षक दुकानातून किंमत देऊन नमुना घेई, साक्षीदारासमोर त्याचे तीन भाग करून मोहोरबंद करी. एक भाग लोकविश्लेषकाकडे जाई. १९७६ च्या दुरुस्तीनंतर उरलेले दोन स्थानिक आरोग्य प्राधिकाऱ्याच्या ताब्यात राहत. अहवाल मान्य नसल्यास दुकानदाराला न्यायालयामार्फत केंद्रीय प्रयोगशाळेकडून फेरतपासणी मागता येई.

परंतु हा निरीक्षक कोणाच्या दारी पोहोचणार? नवघरचेच पाहा. भाईंदरच्या पूर्वेचे, मिठागरांच्या शेजारचे हे गाव. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन होईपर्यंत येथील कारभार ग्रामपंचायतीकडे होता. निरीक्षक व लोकविश्लेषक नेमण्याचा अधिकार शासनाचा; पंचायतीचा नव्हे. अशा गावाला तपासणीसाठी बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागे.

कायद्याने सामान्य ग्राहकालाही एक अधिकार दिला होता. विहित फी भरून त्याला वस्तूची तपासणी करून घेता येई, आणि भेसळ सिद्ध झाल्यास फी परत मिळे. अट एकच: खरेदीच्या वेळीच दुकानदाराला तसे सांगितले पाहिजे. आता विचार करा, ज्याचे नाव उधारीच्या वहीत आहे तो मजूर असे कोणत्या तोंडाने सांगणार? पुढच्या आठवड्याचे पीठमीठ त्याच दुकानातून आणायचे असते. कागदावर हक्क सर्वांना सारखा. वापरता येतो तो रोखीने घेणाऱ्याला.

तो कायदा आता इतिहासजमा झाला आहे. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून त्याच्या जागी आला. २००२ पासून मीरा-भाईंदरला महानगरपालिकाही आहे. ग्राहकाचा तो हक्क नव्या कायद्यातही आहे, आणि आधी सांगण्याची अटही कायम आहे. म्हणून एकट्यादुकट्याने दुकानदाराचा रोष ओढवून घेण्यापेक्षा वस्तीने वर्गणी काढावी आणि चौघांनी मिळून नमुना घ्यावा. चौघांची उधारी एकदम बंद करणे दुकानदाराला परवडत नाही.