राज्ये मित्र का बदलतात?

चारठाण्याहून उत्तरेला गेले की लोणार लागते. आज मधे कोणी अडवत नाही. रुपया इकडेही तोच, तिकडेही तोच. पण इंग्रजांच्या काळात तसे नव्हते. चारठाणा परभणी जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद राज्यात. लोणार वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या अमलात. इकडे हाली शिक्का चाले, तिकडे कलदार. शंभर कलदार रुपयांना हाली रुपये ११६ च्या वर मोजावे लागत. गाडीत माल घालून हद्द ओलांडायची, तर करोडगिरी भरावी लागे. करोडगिरी म्हणजे जकात.

बोली एक, सोयरीक एक, मग मधे ही हद्द कुणी घातली? निजाम आणि इंग्रज यांच्यात लढाई होऊन ती पडली असेल, असे वाटते. तसे नाही. ती दोघांच्या दोस्तीतून पडली. ही दोस्ती कशी झाली आणि कशी पालटली ते बघू.

एक राज्य दुसऱ्या राज्याशी कसे वागते, कुणाशी तह करते, कुणापासून सावध राहते, याला परराष्ट्र धोरण म्हणतात. धोरण म्हणजे वागण्याची रीत. ती कायमची नसते.

१७९० साली निजाम, मराठे आणि इंग्रज असे तिघे एक झाले. तिघांनाही म्हैसूरच्या टिपू सुलतानाची भीती होती. १७९२ मध्ये टिपू हरला. त्याचा अर्धा मुलूख तिघांनी वाटून घेतला. भीती कमी झाली, तशी दोस्तीही विरली. मराठ्यांची चौथाईची बाकी निजामाकडे थकली होती. नाना फडणीस ती मागू लागले. निजाम देईना. १७९५ च्या मार्च महिन्यात खर्ड्याला लढाई झाली. खर्डा जामखेड तालुक्यात आहे. तीन वर्षांपूर्वीचे सोबती आता एकमेकांवर तोफा डागत होते.

निजामाने इंग्रजांकडे मदत मागितली होती. इंग्रज गप्प बसले. त्या वेळी मराठ्यांशी वैर घेणे त्यांना परवडणारे नव्हते. निजाम हरला. मुलूख आणि मोठी खंडणी देण्याचे त्याला कबूल करावे लागले. मग चिडून त्याने रेमाँ नावाच्या फ्रेंच सरदाराची पलटण वाढवली.

आता गंमत बघा. फ्रान्स आणि इंग्लंड यांचे तिकडे युरोपात युद्ध चालू होते. हैदराबादेत फ्रेंच पलटण आहे, हे कळल्यावर इंग्रजांची झोप उडाली. कालपर्यंत गप्प बसलेले इंग्रज स्वतःहून निजामाच्या दारी आले. निजामाला मराठ्यांची धास्ती, इंग्रजांना फ्रेंचांची. दोघांच्या भीतीची गाठ पडली आणि १७९८ साली तह झाला. फ्रेंच पलटण मोडली. इंग्रजांची फौज हैदराबादेत आली.

फौज आली, पण फुकट नाही. १८०० साली दुसरा तह झाला. फौजेच्या खर्चासाठी निजामाने बेल्लारी, कडप्पा हा मुलूख इंग्रजांना दिला. शिवाय, इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही राज्याशी बोलणे करायचे नाही, असे कबूल केले. माझ्या मते मुलूख गेला त्यापेक्षा हे नुकसान मोठे. मित्र बदलण्याची मोकळीकच त्याने देऊन टाकली.

सुरुवातीला सौदा गोड वाटला. १८०३ मध्ये असईला इंग्रजांनी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना हरवले. भोसल्यांकडून वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड काढून इंग्रजांनी ते निजामाला दिले. पण १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. आता दक्षिणेत इंग्रजांना कुणाचा धाक उरला नाही. मग निजामाची गरज तरी कशाला? त्याच्या राज्यात इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची एक फौज होती. तिचा पगार निजामाने द्यायचा होता. तो थकला, कर्ज चढले. १८५३ साली इंग्रजांनी त्या कर्जापोटी वऱ्हाडचा कारभार आपल्या हाती घेतला. दोस्ताने दिलेले दोस्तानेच नेले. लोणार आणि चारठाणा यांच्यामध्ये हद्द आली ती अशी. वऱ्हाड आणि मराठवाडा पुन्हा एका राज्यात आले ते १९५६ साली.

१९४७ साली इंग्रज देश सोडून निघाले. दुसऱ्या महायुद्धाने त्यांची ताकद खचली होती. ज्यांच्या भरवशावर निजाम दीडशे वर्षे निर्धास्त होता, ते त्याच्यासाठी थांबले नाहीत. मीर उस्मान अली खान या निजामाला स्वतंत्र राहायचे होते. त्याने २९ नोव्हेंबर १९४७ ला भारताशी एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार केला. पण त्याच सुमारास पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्जही दिले. पुढच्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली. शेजारी नको झाला तर माणूस शेत विकून दुसरीकडे जाईल. राज्याला ती सोय नाही. हैदराबादच्या चारी बाजूंना भारत होता. आत रझाकारांचा जुलूम चालू होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढारीपणाखाली रयत उभी राहिली होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज आत शिरली. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. ती तक्रारही त्याच महिन्यात त्याने मागे घेतली.

कुणी म्हणेल, या राजेरजवाड्यांच्या गोष्टी. पण लोकांनी निवडलेले सरकारही धोरण बदलते. आपल्या देशाने ठरवले होते की अमेरिका आणि रशिया यांच्यापैकी कोणत्याही गटात जायचे नाही. १९६५ आणि ६६ साली पाऊस दगा देऊन गेला. अमेरिकेचा गहू बोटींनी येई आणि आपण खाऊ. व्हिएतनामच्या युद्धाबद्दल भारत अमेरिकेला चार शब्द सुनावे. त्याचा राग धरून अमेरिका गहू जपून, थोडाथोडा सोडू लागली. हे झोंबले. सरकारने नवे बियाणे, खत आणि पाणी यांवर जोर दिला.

१९७१ साली पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पाकिस्तानच्या पाठीशी अमेरिका आणि चीन होते. तेव्हा ९ ऑगस्टला भारताने सोव्हिएत रशियाशी २० वर्षांचा मैत्रीचा तह केला. १९९१ मध्ये तो आणखी २० वर्षे वाढवला. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत देशच मोडला. दिल्लीला पुन्हा नव्याने हिशेब मांडावा लागला. २००८ साली भारताने अणुविजेचा करार केला, तो अमेरिकेशी.